बुद्धिबळाच्या पटावरचे गहू: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हा आकडा हाताने कसा तपासायचा?

खतावणी (प्रश्न)

नमस्कार. मी बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी आहे. शिक्षण बारावी कॉमर्स, पण आकड्यांची आवड पहिल्यापासून.

मुलगी आठवीत आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी तिने बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट निवडलीय. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. एकूण दाण्यांचा आकडा तिला पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा आहे. शोधताना तिला दोन ठिकाणी दोन आकडे मिळाले:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५
१८४४६७४४०७३७०९५१५६१५

शेवटाकडे बघा. एकात ५५१६१५ आहे, दुसऱ्यात ५१५६१५. ५ आणि १ यांची जागा बदललीय. मी सवयीने नवाचा ताळा लावला. दोन्हींच्या अंकांची बेरीज ८७, आठ नि सात पंधरा, एक नि पाच सहा. दोघांचाही ताळा सारखाच! रोजमेळात असं झालं, म्हणजे ५१ चे १५ पडले, तर फरक ३६ येतो. फरकाला नऊने भाग गेला की अंक उलटे पडलेत का ते आम्ही आधी बघतो आणि मूळ पावती काढतो. इथे मूळ पावतीच नाही.

दुकानातल्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये २ चा ६४ वा घात काढला, तर १८४४६७४४०७३७०९६००००० असं आलं. शेवटची पाच शून्यं खरी असूच शकत नाहीत, कारण दोनाच्या घाताच्या शेवटी शून्य येत नाही.

तर माझे प्रश्न असे. दोनांतला बरोबर आकडा कोणता, आणि तो कागद-पेन्सिलीने कसा ठरवायचा? मुलगी विचारते, शेवटी ५ आहे म्हणजे पाचाने भाग जाणारच, पण आणखी कशाकशाने जातो? आणि हा आकडा मोठ्याने वाचायचा झाला तर कसा वाचायचा?

एक हिशोब आम्ही दोघांनी केलाय, तोही सांगतो. यार्डातल्या गव्हाचे हजार दाणे मोजून काट्यावर ठेवले, ४१ ग्रॅम भरले. त्या मापाने पूर्ण पटाचा गहू साधारण ७५,६०० कोटी टन होतो. सगळ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशेच्या वर वर्षांचं जगाचं पीक. पण अर्धा पट, म्हणजे पहिली ३२ घरं, घेतली तर फक्त १,७६० क्विंटल. एवढा माल आमच्या यार्डात हमाल सहज उतरवतील. ३२ घरांपर्यंत आवाक्यात असलेली गोष्ट पुढच्या ३२ घरांत एवढी हाताबाहेर कशी जाते, तेही कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

रात्रपाळी

पहिल्या प्रश्नाचं छोटं उत्तर: पहिला आकडा बरोबर.

२ चा ३२ वा घात ४२९४९६७२९६ हा आहे. त्याचा वर्ग म्हणजे २ चा ६४ वा घात. वर्गाचे शेवटचे चार अंक काढायला मूळ संख्येचे शेवटचे चार अंक पुरतात. ७२९६ × ७२९६ = ५३२३१६१६. शेवट १६१६, त्यातून एक वजा केला की १६१५. तुमच्या दुसऱ्या आकड्याचा शेवट ५६१५ आहे, म्हणून तो बाद.

स्प्रेडशीट फक्त पंधरा अंक जपून ठेवते, पुढच्या जागी शून्यं भरते. वीस अंकी संख्येसाठी तिच्यावर विसंबू नका. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 2**64 - 1 (म्हणजे २ चा ६४ वा घात वजा एक) लिहिलंत तर सगळे अंक अचूक येतात.

आणखी एक. ही संख्या आम्हा प्रोग्रामरना रोज भेटते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ती म्हणजे ओळीने ६४ वेळा १. चौसष्ट बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. तिच्यात एक मिळवला की चौसष्टच्या चौसष्ट जागी शून्य येतं आणि हातचा ठेवायला जागाच उरत नाही.

पाटीपेन्सिल

दिवाणजी, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी कऱ्हाडजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. रात्रपाळी यांनी शेवटचे चार अंक दाखवले ते बरोबरच आहे. पण मुलीने पुठ्ठ्यावर वीस अंक लिहायचे, तर वीसच्या वीस अंक तिने स्वतः काढलेले असावेत असं मला मनापासून वाटतं. वाटतं तेवढं अवघड नाही.

चौसष्ट वेळा दुप्पट करू नका. भास्कराचार्यांनी लीलावतीत (सन ११५०) यासाठी फार सुंदर युक्ती दिली आहे. घातांक सम असेल तर त्याचं अर्ध करा आणि ‘वर्ग’ असं लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणक’ असं लिहा. शून्यापर्यंत पोचलात की खालून वर हिशोब करत या. ६४ साठी ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी उतरण होते. म्हणजे दोनापासून सुरू करून फक्त सहा वेळा वर्ग करायचा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि सहावा वर्ग म्हणजे तुमचा आकडा अधिक एक. अल्-बेरुनी या विद्वानाने भास्कराचार्यांच्याही दीडशे वर्षं आधी पटावरच्या दाण्यांचा हाच आकडा काढला, तोही असेच वर्ग करत.

लीलावतीतलं उदाहरणही तुमच्या गोष्टीच्या जवळचं आहे. एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो, रोज दुप्पट करत महिनाभर देतो, तर एकूण किती निष्क दिले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. हिशोबाच्या माणसाला हे उत्तर करून बघायला आवडेल म्हणून माप देते: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क.

आता शेवटचा वर्ग. ४२९४९६७२९६ चे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६.

४२९४९ चा वर्ग = १८४४६१६६०१
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८
६७२९६ चा वर्ग = ४५२८७५१६१६

पहिल्याला दहा शून्यं, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला एकही नाही:

१८४४६१६६०१००००००००००
+ ५७८०५९१८०८०००००
+ ४५२८७५१६१६
= १८४४६७४४०७३७०९५५१६१६

(पाटीवर उजवी कड जुळवून मांडा. इथे नीट दिसत नाही.) एक वजा केला की ...५५१६१५. ही तुमची मूळ पावती.

ताळ्याचं म्हणाल तर नवाचा ताळा अंकांची अदलाबदल कधीच पकडणार नाही, कारण तो फक्त बेरीज बघतो, जागा बघत नाही. त्यासाठी अकराचा ताळा लावा. उजवीकडून एक सोडून एक अंक मिळवा, मग उरलेले मिळवा, आणि दोन बेरजांची वजाबाकी करा. पहिल्या आकड्यात ६२ आणि २५ येतात, फरक ३७, अकराने भागून बाकी ४. दुसऱ्यात ५८ आणि २९, फरक २९, बाकी ७. खरी बाकी किती हवी? दोनाच्या घातांना अकराने भागत गेलं की बाक्या २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १ अशा येतात आणि दर दहा घरांनी पुन्हा तेच चक्र सुरू होतं. ६४ म्हणजे सहा चक्रं आणि वर चार. चौथी बाकी ५, एक वजा केला की ४. पहिला आकडा उत्तीर्ण.

शेजारचे दोन अंक उलटे पडले तर त्यांच्या फरकाच्या दुपटीने हा हिशोब हलतो. अंकांचा फरक जास्तीत जास्त नऊ, आणि त्याच्या दुपटीला अकराने कधीच भाग जात नाही. म्हणून शेजारची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून सुटूच शकत नाही. रोजमेळालाही लावून बघा.

वाचायचं कसं? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. मुलीला म्हणावं, ‘एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर’ एवढे कोटी, आणि वर पंच्याण्णव लाख एकावन्न हजार सहाशे पंधरा. लीलावतीतल्या स्थानांच्या नावांची यादी परार्धाला, म्हणजे अठराव्या अंकाला, संपते. त्या मापाने ही संख्या १८४ परार्धांच्या थोडी वर.

आता सगळ्यात रसाळ भाग: भाग कशाकशाने जातो? इथे भागाकार करायचाच नाही, पटाकडे बघायचं. पहिल्या दोन घरांत मिळून ३ दाणे. पहिल्या चार घरांत १५. हे १५ म्हणजे ३ × ५. आठ घरांत, म्हणजे एका पूर्ण ओळीत, २५५ = १५ × १७. दोन ओळींत ६५५३५ = २५५ × २५७. चार ओळींत, म्हणजे अर्ध्या पटावर, ४२९४९६७२९५ = ६५५३५ × ६५५३७. आणि पूर्ण पटावर

४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७.

प्रत्येक वेळी घरं दुप्पट केली की दाणे ‘आधीच्या एकूण दाण्यांत दोन मिळवून येणाऱ्या संख्येने’ गुणले जातात. १५ × (१५ + २), २५५ × (२५५ + २), असं. नववीत शिकवतो तेच सूत्र आहे हे. वर्गातून एक वजा केला की (क − १)(क + १). आणि तुम्ही विचारलंत ना, ३२ घरांपुढे एवढं हाताबाहेर का जातं? अर्ध्या पटाचे १,७६० क्विंटल आहेत. पूर्ण पटावर असे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ अर्धे पट आहेत.

तेव्हा सात अवयवांपैकी पाच तर हातात आलेच: ३, ५, १७, २५७, ६५५३७. हे सगळे मूळ आहेत. उरला तो ४२९४९६७२९७. तो मूळ आहे की नाही ते मुलीला शोधू द्या. अडली तर इथे विचारा.

खतावणी

बाई, तुमचे आभार कसे मानू. मुलीने शेवटचा वर्ग स्वतः केला, पाटीवर नाही, जमाखर्चाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर. चौकटींमुळे अंक बरोबर एकाखाली एक बसतात. कवड्यांचा हिशोब मी केला, सहा कवड्यांपर्यंत जुळला. अकराचा ताळा काल दुकानातल्या दोन खात्यांना लावून पाहिला. कामाची गोष्ट आहे, कॉमर्सला कुणी शिकवली नव्हती.

आता ४२९४९६७२९७ चं. तिने ३, ७, ११, १३ पासून सुरुवात केली आणि शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या. एकानेही भाग गेला नाही. तिला वाटतं हा मूळच आहे. तुम्ही ‘सात अवयव’ म्हणालात, आणि पाच सांगितलेत, तेव्हा याचे दोन तुकडे होत असणार हे मी ओळखलं, पण तिला सांगितलं नाही. सगळ्या संख्या लावत बसायचं तर वर्गमूळ ६५ हजारांच्या पुढे जातं. तिला काहीतरी दिशा द्या.

पाटीपेन्सिल

तिला सांगा, तिला जे वाटलं तेच पियरे द फर्मा या फ्रेंच गणितीलाही वाटलं होतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाच मूळ आहेत हे पाहून १६४० मध्ये त्याने पत्रांतून लिहिलं की या रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितीने ऑयलर या दुसऱ्या गणितीला हाच प्रश्न पत्रातून घातला, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की सहावी संख्या, म्हणजे आपली ४२९४९६७२९७, मूळ नाही.

कशी शोधली असेल, याची वाट अशी. समजा प ही मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला निःशेष भागते. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला प ने भागलं तर बाकी ‘उणे एक’. मग ६४ व्या घाताची बाकी ‘अधिक एक’. मघाशी अकराच्या बाक्यांचं दहा घरांचं चक्र पाहिलं ना, तसं प च्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ घरांचं निघतं. त्याहून लहान असतं तर ते ६४ चा विभाजक असतं, म्हणजे ३२ किंवा ३२ चा विभाजक. मग ३२ व्या घातालाच बाकी १ आली असती. आणि फर्माचाच दुसरा एक सिद्धांत सांगतो की अशा चक्राची लांबी प − १ ला निःशेष भागते. अकराच्या बाबतीत १० ने १० ला भाग जातो, तसंच. म्हणून प − १ ही ६४ च्या पटीत हवी.

एवढ्यावर शोध किती आकसतो बघा. ६४ च्या पटीत एक मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ आधीच गाळा, कारण या रांगेतल्या कोणत्याही दोन संख्यांना एकाशिवाय सामाईक विभाजक नसतो. (का? पटावर पाहिलंच: प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक दोन. दोघींना सामाईक विभाजक असला तर तो २ लाही भागणार, आणि या सगळ्या विषम आहेत. गोल्डबाखने १७३० मध्ये हे ऑयलरला कळवलं. यातूनच मूळ संख्या अनंत आहेत याची एक वेगळी सिद्धता मिळते, कारण रांगेतली प्रत्येक नवी संख्या निदान एक तरी नवी मूळ संख्या घेऊन येते. मला युक्लिडच्या सिद्धतेपेक्षाही ही जवळची वाटते.)

राहिले चार भागाकार. चौथा लागतो: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

भागाकार न करताही हे दिसतं, आणि ते दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ६४० + १, म्हणजे ५ × २^७ + १ (२^७ म्हणजे २ चा ७ वा घात). दोन, ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी उणे एक. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी अधिक एक. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी उणे २^४ घालता येतो. मग उणे २^४ × २^२८, म्हणजे उणे २^३२, याची बाकी एक. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. दहा अंकी संख्या, आणि एकही मोठा गुणाकार नाही. वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं की नेहमी एखादा मुलगा ‘बाई, परत एकदा’ म्हणायचा, आणि मी परत लिहायची.

आता मुलीसाठी शेवटचं काम: ६७००४१७ मूळ आहे का? एदुआर ल्युकाने १८७८ मध्ये ऑयलरचा नियम आणखी घट्ट केला. ६४ च्या ऐवजी १२८ ची पट हवी. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि थोडं. तिथपर्यंत १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या मोजून पाच आहेत, आणि त्यातली २५७ पुन्हा बाद. बाकीच्या तिने शोधाव्या आणि भागून बघाव्या.

हाच तो ल्युका ज्याने १८८३ मध्ये हनोईच्या मनोऱ्याचं कोडं काढलं. तीन खुंट्या, एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी चकती लहानीवर कधी ठेवायची नाही. ६४ चकत्यांचा मनोरा एका खुंटीवरून दुसरीवर न्यायला लागणाऱ्या चाली किती? बरोबर तुमच्या मुलीचा आकडा, १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सेकंदाला एक चाल धरली तरी ५८४ अब्जांहून जास्त वर्षं.

कंपासपेटी

बाईंनी भूमितीची बाजू घेतली नाही म्हणून मी भर घालतो.

फक्त पट्टी आणि कंपास घेऊन कोणता सुसम बहुभुज काढता येतो, हा ग्रीकांपासूनचा प्रश्न. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७ बाजूंचा काढता येतो हे सिद्ध केलं. नियम असा निघाला की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या रांगेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार (किंवा त्यांतली एकच संख्या) असली पाहिजे. याशिवाय दुसरी काढता येतच नाही, ही बाजू वांत्सेलने १८३७ मध्ये पक्की केली.

आता पटाकडे बघा. अर्ध्या पटावरचे ४२९४९६७२९५ दाणे म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. पाचही फर्माच्या मूळ संख्या. तेवढ्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा याहून मोठा, काढता येण्याजोगा बहुभुज आजवर कुणाला माहीत नाही. पूर्ण पटाच्या संख्येत मात्र ६४१ आणि ६७००४१७ घुसतात. ते फर्माच्या रांगेतले नाहीत, म्हणून तेवढ्या बाजूंचा काढता येणार नाही. यार्डात मावणारा अर्धा पट कंपासातही मावतो, पूर्ण पट दोन्हींत मावत नाही.

खतावणी

बाई, मुलीने सगळं केलं. १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तिला २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ मिळाल्या. ६७००४१७ ला ६४१ ने भागून बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. कुठेच शून्य नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ.

पुठ्ठ्यावर आता असं येणार आहे:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळ्या मूळ संख्या. प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची, म्हणून एकूण विभाजक २ × २ × २ × २ × २ × २ × २ = १२८. हे मोजणं तिचं तिला सुचलं. ६४ घरांच्या पटाला १२८ विभाजक मिळाले म्हणून स्वारी खूश आहे. ६४१ ची दोन रूपं ती दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिहिणार आहे, आणि बघायला येणाऱ्यांना समजावून सांगणार आहे.

तिचा एक प्रश्न राहिलाय. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मध्ये दोन मिळवले तर रांगेतली पुढची संख्या येते, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ती मूळ आहे का? ती आता १२८ नाही, २५६ च्या पटी लावायला बसलीय.

पाटीपेन्सिल

तिला सांगा थांब. २५६ ची पट हा नियम बरोबर आहे, पण उत्तर १०७१ व्या पटीला आहे. २५६ × १०७१ + १ = २७४१७७. लँड्री नावाच्या फ्रेंच गणितीने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, कित्येक महिने खपून ते शोधलं:

१८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

पूर्ण गुणाकार करायच्या आधी दोन्ही ताळे लावून घ्या.

फर्माच्या रांगेत ६५५३७ नंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. २^३२ + १ पासून पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, एकोणतिसावीचं अजून ठरलेलं नाही. म्हणजे मुलगी जिथे पोचलीय त्या रस्त्यावर करण्यासारखं काम शिल्लक आहे.

खतावणी

ताळे लावले. २७४१७७ चा नवाचा ताळा १, दुसऱ्याचा ८, गुणाकार ८. मूळ आकड्याचा ताळाही ८. अकराच्या बाक्या २ आणि ३, गुणाकार ६, मूळ आकड्याची बाकीही ६. दोन्ही जुळले. पूर्ण गुणाकार ती रविवारी करणार आहे, मी फक्त हातचे तपासायला बसणार.